ट्रेची जागा

सकाळी सशाच्या पिल्लाच्या सत्तावीस लेंड्या मोजल्या: त्याच्या शीसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये दोन, बाबांच्या आरामखुर्चीखाली पंचवीस.

“या घरात प्रत्येकाला आपली जागा कळलीच पाहिजे,” बाबांनी फर्मान काढलं. “रविवारपर्यंत हा शिकला नाही, तर दुकानात परत!”

“बाबा, ससा एकदा निवडलेला कोपरा सहसा सोडत नाही. ट्रेच तिथे न्यावा लागतो,” मी म्हणाले.

“म्हणजे मी खुर्ची हलवू? या वीतभर प्राण्यासाठी? घर कोणाचं आहे?”

“अहो, तुमचंच आहे,” आई म्हणाली. “त्याला अजून कुणी सांगितलं नाही, एवढंच.”

रविवारी पुन्हा मोजणी केली.



ट्रेमध्ये एकोणतीस, ट्रेबाहेर शून्य. बाल्कनीत एक आरामखुर्ची, बाबांसकट.