सातवा ट्रॅक

"आता ड्रम काढतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याने एक बटण दाबलं आणि चाळीस वर्षं लोकांना नाचवणारं ते गाणं एकदम लंगडं झालं.

गायिका त्याच्या मागच्या सोफ्यावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शेजारी तिची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, टेबलावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे कौतुकाने बघत होती. गुडघ्यांमुळे गायिकेला हल्ली एकटीला कुठे जाता येत नसे. आज मात्र रांगत का होईना, एकटीनं यायला हवं होतं, असं तिला दारातच वाटून गेलं.

तिच्या सोल आणि फंक या पाश्चात्त्य नाचऱ्या ढंगाच्या गाण्यांचे रेकॉर्ड कंपनीने आजवर सहा संग्रह काढले होते. दर वेळी तीच बारा-चौदा गाणी, क्रम बदलून. "मी म्हातारी होतेय आणि मुखपृष्ठावरची बाई तरुण होत चाललीय," असं ती भेटेल त्याला सांगायची. ते सगळे संग्रह सगळे आवाज आधीच एकत्र मिसळलेल्या तयार गाण्यांवरून काढलेले, त्यामुळे तिला कधी धास्ती वाटली नाही. या वेळी कंपनीला गोदामात मूळ टेप सापडली होती. सोळा ट्रॅकची. प्रत्येक वाद्य वेगळं, प्रत्येक गळा वेगळा. टेप कॉम्प्युटरवर उतरवून झाली होती. आता एकेक ट्रॅक उघडून, साफ करून, गाणं नव्याने जुळवायचं होतं.

बास गेला. गिटार गेली. ट्रम्पेट गेले.

"बाळा, जरा चहाचं बघतेस का?" गायिका भाचीला म्हणाली.

"आत्ताच तर झाला, मावशी."

"मग पाणी तरी."

"तुझ्या पुढ्यातच आहे की."

रेकॉर्डिस्टने सहावा ट्रॅक उघडला. खोलीत गायिकेचा एकटा आवाज भरला. तरुण, जरासा खरखरीत, मस्तीत आलेला. भाचीने तिचा हात दाबला. "काय गात होतीस गं!"

गायिकेने मान हलवली. तिचे कान पुढे लागले होते. आवाज एकेक पायरी वर चढला, गाण्यातल्या सर्वांत उंच, त्या प्रसिद्ध आरोळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. नंतर नुसता श्वास. मग एक कोरडा खोकला.

रेकॉर्डिस्टने मागे जाऊन पुन्हा लावलं. पुन्हा खोकला.

"आरोळी कुठे गेली?"

"टेप खराब झाली असेल," गायिका म्हणाली. "तेवढी जुन्या संग्रहातून उचला ना. कोणाला कळतंय!"

"असं कसं, बाई? लोक त्या आरोळीसाठी तर विकत घेतात. असेल इथेच कुठेतरी."

कार्यक्रमांत त्या जागेला ती माइक लोकांपुढे धरायची. हजार हजार माणसं ओरडायची. लोकांना वाटायचं, बाई आपले लाड करते.

त्याने सातवा ट्रॅक सुरुवातीपासून लावला. आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि एक मुलगी हसली.

"ताई, तू नको ताणूस, फाटेल घसा. ते वरचं मी घेते. पण बाहेर पिल्लू उठलं, तर तू जायचं हं!"

पुढे बराच वेळ काहीच नाही. आणि मग, कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय, ती आरोळी उठली. वर गेली, तिथे थरथरत राहिली आणि हळूच खाली उतरली.

रेकॉर्डिस्टने खुर्ची वळवली.

"ही कोण गं, मावशी?" भाचीने विचारलं.

कोरसमधली कोणीतरी, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं ते वाक्य गायिकेच्या जिभेवर तयार होतं. आज ते तोंडातून बाहेर येईना.

"तुझी आई."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. घरात आईचे तीन फोटो होते, आणि कार्यक्रमांत आई मावशीच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायची, एवढी एक माहिती.

"आणि पिल्लू?"

"तू. बाहेर ड्रमच्या रिकाम्या खोक्यात झोपली होतीस."

भाचीने तोंडावर हात ठेवला.

गायिकेने घसा साफ केला. "संग्रहासोबतची पुस्तिका छापायला गेली का हो?" तिने रेकॉर्डिस्टला विचारलं.

"उद्या जातेय."

"मग लिहून घ्या." तिने बहिणीचं नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही, तेव्हा पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्याने ते लिहिलं.

मग ती भाचीकडे वळली. "बाळा, ऐक. त्या दिवशी माझा घसा गेला होता. कंपनी म्हणाली, रेकॉर्डवर नाव एकच राहील. ती हसून हो म्हणाली. नंतर मला सांगता आलं असतं. पण गाणं इतकं चाललं की..."

भाचीचं लक्ष नव्हतं. ती उठून रेकॉर्डिस्टच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली होती.

"पुन्हा लावता? गाणं नको. त्याच्या आधीचं."

खरखर सुरू झाली. खुर्ची सरकली.

"मी तुझी अपराधी आहे," गायिका म्हणाली. "मला एकदाच सगळं..."

"शू, मावशी," भाची वळून न बघता म्हणाली. "आई बोलतेय."