पाइपावरची गाठ

बॉनेट उघडताच दिगंबरची नजर त्या गाठीवर गेली. रेडिएटरच्या पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर दोरा आवळला होता, गजऱ्यासारखा एकेक फास घालून. शैलाच्या पहिल्या नवऱ्याचं काम. माणूस कधीच गेला, पण गाडी त्याची, आरशाला लटकणारा गणपती त्याचा आणि आता ही गाठही.

गाडीखाली रेडिएटरचं हिरवं पाणी साचत होतं. दिगंबरने इंजिन चालू केलं, पाइप फडक्याने पुसला आणि गाठीवर डोळे लावून बसला. पाणी तिथूनच यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. गाठ कोरडीच राहिली. थेंब फुगला तो पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, गेल्या महिन्यात त्याने स्वतः बसवलेल्या क्लिपपाशी.

गाडी निवल्यावर त्याने ब्लेड उचललं आणि हात गेला तो मात्र गाठीकडेच.

"अहो, ती चांगली आहे, राहू द्या," शैला मागून म्हणाली.

"किती दिवस जपायचं त्यांचं?"

शैला त्याच्याकडे बघतच राहिली. "त्यांचं? त्यांना बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नव्हतं. मी बांधलीय ती."

तिने क्लिप चाचपली. "आटे गेलेत हिचे." मग घरातून ट्यूबची पट्टी आणि गजऱ्याचा दोरा आणून ती भराभर गुंडाळू लागली.

"इथे बोट धरा."

त्याने ब्लेड खाली ठेवून बोट धरलं. शेवटची गाठ बसेपर्यंत तिने त्याला बोट काढू दिलं नाही.