राजेसाहेबांची कविता

सोसायटीचे अध्यक्ष घोसाळकर राजाच्या वेशात, भर प्रवेशात गप्प झाले आणि विंगेत माझ्याकडे बघू लागले. मी प्रॉम्प्टर.

शंभर वर्षं गाजलेल्या नाटकातलं पद त्यांना जुनाट वाटलं होतं. म्हणून त्या जागी त्यांनी स्वतःला स्फुरलेली कविता घातली होती. बावीस कडवी! त्यातलं एकही आता कवीला आठवेना.

कवितेचा कागद हातात असूनही मी जुनंच पद म्हटलं. पहिल्याच ओळीला अख्खा हॉल गाऊ लागला. राजेसाहेबांनी नुसते ओठ हलवले. दोन वन्समोअर मिळाले.

पडदा पडताच ते मुकुट काखोटीला मारून आले. माझी तीस वर्षांची प्रॉम्प्टरकी संपली, असं समजून मी उभी राहिले.

“पाहिलंत, शैलाताई? माझी कविता लोकांना ऐकायच्या आधीच पाठ!”