मीटरवरचा लाल दिवा

घरातलं एकूण एक बटण बंद होतं. फ्रीजची पिन काढली होती, कूलर थांबवला होता, मोबाइलचा चार्जरसुद्धा तनुजानं ओढून काढला होता. तरी भिंतीवरच्या मीटरचा लाल दिवा थांबून थांबून चमकतच होता.

"बाबा, हे पाहा," ती म्हणाली. "मॅडमनं सांगतलं होतं, सारं बंद केलं का हा बी बंद व्हाले पायजे."

बापूराव नुकतेच वांग्याच्या वाफ्यातून आले होते. पाय धुवायचं सोडून ते मीटरपाशी जाऊन उभे राहिले.

मेडशीच्या शाळेत ज्योत्स्ना मॅडम आठवीला विज्ञान शिकवत. उपकरणांवरचे वॉट वाचायचे, वीजबचतीचे तारे मोजायचे, त्यावरून युनिट काढायचे, असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी त्यांनी एक तक्ता दिला. आपलं घर आणि शेजारचं एक घर, कुठे काय चालतं, किती तास चालतं, बिल किती येतं. तनुजानं पौर्णिमाचं घर घेतलं. दोघींच्या घरांची भिंत एक आणि शाळेतला बाकही एक, दुसरं कुणाचं घेणार?

पण तक्ता काही जुळेना. तनुजाकडे फ्रीज, कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, आणि बिल अगदीच थोडं. पौर्णिमाकडे दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही, आणि बिल तिप्पट. बिलाला कंटाळून तिच्या वडिलांनी, इंद्रभाननी, दोन वर्षांपूर्वी फ्रीजसुद्धा विकून टाकला होता. घरातलं काही लिहायचं राहिलं का, असं मॅडमनी वर्गात विचारलं तेव्हा पौर्णिमा मान खाली घालून नाही म्हणाली. वर्ग हसला. तनुजालाही हसू आलं, आणि मग दिवसभर तिला त्याची लाज वाटत राहिली.

बापूरावांना मात्र आपल्या कमी बिलाचं नवल नव्हतं. ते त्यांच्या काटकसरीचं फळ होतं. फ्रीज घेतला तो पाच ताऱ्यांचा. तीन वर्षांपूर्वी सामाईक भिंतीला प्लास्टर केलं तेव्हा वायरमनची मजुरीही वाचवली. मेहुण्याला बोलावून दोन्ही घरांचे मीटर उतरवले, प्लास्टर सुकल्यावर पुन्हा चढवले, दोन्हींखाली घरची लाइन तोडायचे नवे खटके बसवले. इंद्रभानकडून एक रुपयाही घेतला नाही. हा उपकार ते वर्षातून चारदा तरी बोलून दाखवत.

आता तो लाल दिवा पाहून त्यांना सगळं कळल्यासारखं झालं. "इंद्रभान आपल्यातून लाइन वढून राह्यला," ते म्हणाले.

चोरी करतो तर त्याचं स्वतःचं बिल एवढं कसं, अशी सीताबाईंनी शंका काढली. बायकोची शंका रास्त असली की बापूरावांचा आवाज चढे.

"घरात काहीतरी मोठं चालवत असन. दोन्हीकून वढते. फ्रीज इकला म्हनते, कोनी पाह्यला इकताना?"

संशयाला एकदा पाट मांडून दिला की तो पोटभर जेवूनच उठतो. बापूरावांना आता सगळंच दिसायला लागलं. इंद्रभानच्या खिडक्या दुपारभर बंद असतात. त्यांची बायको भागिरथा दार पुरतं उघडतच नाही. एकदा चहापत्ती मागायच्या निमित्तानं बापूराव स्वतः डोकावून आले, तर फ्रीजच्या जागी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. तो पाण्याचा माठ असेल, असं सीताबाई म्हणाल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

तनुजाला बाक बदलायला सांगितलं गेलं. तिनं बदलला, पण पौर्णिमाकडे बघायची तिची हिंमत होईना. तक्ता आपणच केला आणि आग आपणच लावली, असं तिला वाटे. इंद्रभान ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायचे. चोरीचा डाग लागला की ते काम जाणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी बापूरावांनी गल्लीतली चार माणसं जमवली. साक्षीला मॅडमना बोलावलं. अंगणात माणसांना उकडू नये म्हणून कूलर ओसरीत आणून सुरू केला. मग इंद्रभानना हाक मारली. ते आले, मागोमाग भागिरथा आणि पौर्णिमा.

बापूरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं की आपल्या मीटरखालचा खटका आपण पाडणार, आणि शेजारची लाइन गेली तर चोरी सिद्ध झाली. मॅडमनी थोडा विचार केला आणि परीक्षा बरोबर आहे म्हणाल्या.

"भाऊ, मी काहून वढू?" इंद्रभान म्हणाले. "माह्यंच बिल भरता भरता नाकी नऊ आले. पाडा खटका. होऊन जाऊ द्या."

बापूरावांनी खटका पाडला.

शेजारच्या घरातला टीव्ही अर्ध्या वाक्यात गप्प झाला. उघड्या दारातून पंखा दिसत होता, तो हळूहळू मंदावला आणि थांबला.

कुणीतरी च्यक् च्यक् केलं. भागिरथा दाराला धरून खाली बसल्या. इंद्रभान आपल्या पंख्याकडे बघत राहिले, जणू तोही त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा होता. पौर्णिमा रडायला लागली, तेही आवाज न करता.

"पाह्यलं?" बापूराव मॅडमकडे वळून म्हणाले. "मी म्हनलंच होतं. आता लिहा तुमच्या तक्त्यात."

तनुजाच्या पाठीला गार वारा लागत होता. ती वळली आणि ओसरीकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "खटका तर आपला पाडला ना तुमी? मंग आपला कूलर कसा चालून राह्यला?"