सहाशे चाळीस पावलं

“इथं सही करा,” व्यवस्थापक म्हणाले आणि कागद इस्त्रीच्या टेबलावर सरकवला.

तिने तो सावकाश वाचला. ‘माझी कामावरची हालचाल अपुरी आहे हे मला मान्य आहे. पुढील तीन महिने जेवणाच्या सुट्टीत मी व्यायामवर्गाला हजर राहीन.’ खाली तिच्या पावलांची रोजची सरासरी छापली होती. सहाशे चाळीस.

एकोणीस वर्षं ती या रुग्णालयाच्या धुलाई विभागात होती. तळघरातून धुतलेल्या चादरींची ट्रॉली चार मजल्यांवरच्या अकरा वॉर्डांत न्यायची, मळक्या भरून खाली आणायच्या. लिफ्ट फक्त रुग्णांसाठी. ट्रॉली रॅम्पच्या उतारावरूनच वर ढकलायची. घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

“साहेब, सहाशे पावलांत माझा दुसरा मजलासुद्धा होत नाही.”

“मी कुठे म्हणतोय? पट्टा म्हणतोय.” त्यांनी तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांना पावलं मोजणारे काळे पट्टे वाटले होते. कामावर आल्यावर बांधायचा, जाताना परत द्यायचा. “मला बघा. रोज दहा हजार पावलं आणि सोळा तास उपाशी. वर्षात अकरा किलो उतरलो. मनावर घ्या, ताई. एक जेवण सोडल्यानं कुणी मरत नाही.”

“सोळा तास?” इस्त्रीवाला म्हणाला. “माझा डबा अर्धा तास लांबला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात.”

“म्हणून तुम्ही पावलांच्या यादीत सातवे. पहिल्या कोण ते बघा. आपल्या मावशी. चौदा हजार.”

कोपऱ्यातल्या मावशी स्टुलावर बसून उशांच्या खोळी झटकत होत्या, घड्या घालत होत्या. त्यांचा प्लास्टरमधला पाय टेबलाखाली दुसऱ्या स्टुलावर होता. चादरींच्या ढिगामुळे तो व्यवस्थापकांना दिसत नव्हता.

“माझं मलाच कळेना बाई,” मावशी म्हणाल्या. “मी चालले कधी?”

“याला म्हणतात विनय,” व्यवस्थापक म्हणाले.

तिला हसू आलं नाही. ती मावशींच्या हातांकडे बघत होती. प्रत्येक खोळ दोनदा झटकली जायची. हात वर, हात खाली. मग तिने स्वतःचे हात आठवले. दिवसभर ट्रॉलीच्या दांड्यावर, कोपरं ताठ, मनगटं जागच्या जागी.

गेल्या आठवड्यात यादी पाहून ती चार दिवस निम्मा डबा घरी परत नेत होती. खरंच आपण आळशी झालो, असं तिला वाटलं होतं. तो निम्मा डबा आता तिला आठवला आणि कानशिलं तापली.

तिने पेनाला टोपण लावलं.

“सही करते. पण आधी ही फेरी तुम्ही मारा. तुमचं घड्याळ घालून. मी शेजारून चालते.”

“मला दहाला बैठक आहे.”

“आत्ता पावणेनऊ झालेत. मला तास लागतो. तुम्ही धडधाकट, तुम्हाला कमीच लागेल.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. यंत्रांजवळचे दोघे दाराशी येऊन उभे राहिले. व्यवस्थापकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कोट काढला आणि खुंटीला अडकवला.

भरलेली ट्रॉली ऐंशी किलोची होती. पुढचं डावं चाक भिंतीकडे ओढायचं. तिने ते सांगितलं नाही. पहिल्याच वळणावर त्यांना कळलं.

“दांडा सोडू नका,” ती उतारावर म्हणाली. “एकदा सुटली की मागच्या माणसाला घेऊन खाली जाते.”

वॉर्डापाशी गठ्ठे ती उतरवत होती. दांडा त्यांच्याकडे. पहिल्या मजल्यावर ते उपवासाचे फायदे सांगत होते. दुसऱ्या मजल्यावर वाक्यं तुटायला लागली. तिसऱ्यावर शर्ट पाठीला चिकटला आणि त्यांनी पाणी मागितलं.

“उपाशी ना आज?”

“पाणी चालतं,” ते कसेबसे म्हणाले.

तिने बाटली त्यांच्या तोंडाला लावली, कारण ट्रॉली उतारावर होती.

चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या वॉर्डातून मळक्या चादरी भरून ते परत निघाले. आता गाडी स्वतःच खाली पळू पाहत होती. अंगठे पांढरे पडेपर्यंत त्यांनी ती मागे खेचून धरली होती. तेवढ्यात त्यांचं घड्याळ थरथरलं. त्या सकाळी पहिल्यांदाच ते मनापासून हसले.

“बघा. झालं माझं आजचं लक्ष्य पूर्ण,” ते धापा टाकत म्हणाले. “वाचा, वाचा. मला हात सोडता येत नाही.”

ती वाकली. आणि मघाचा कागद वाचला होता तितक्याच सावकाश, पण मोठ्याने, तिने वाचलं:

“‘तुम्ही तासभर बसून आहात. उठा, थोडं चाला.’”