चौकोनाची उत्तरपूजा

दोन टन ऊस हवेत लोंबकळत होता आणि एलिया अनवाणी उभा होता.

"बूट कुठायत?" सेफ्टीच्या अश्विनी मॅडमनी विचारलं.

"चौकोनाबाहेर."

मॅडमनी दुसरा मेमो लिहिला. तिसऱ्याला घरी, असा साखर कारखान्याचा नियम होता.

चौकोन मॅडमनीच आखला होता. एलिया क्रेनचा वायरलेस रिमोट हातात घेऊन यार्डभर हिंडायचा. एकदा तर त्यानं चहाच्या टपरीवर बसून अर्धी ट्रॉली उतरवली होती. मग मॅडमनी पंधरा दिवस टेप धरून अशी जागा शोधली, जिथून मोळी दिसते पण डोक्यावर पडत नाही. तिथं पिवळा चौकोन काढला. रिमोट आता तेवढ्यातच चालायचा. पाय रेघेबाहेर पडला की क्रेन जागेवर थांबायची.

घोळ एवढाच झाला, की पहिल्याच दिवशी सहादेव फिटरनं चौकोनाला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. नवीन काही आलं की तो फोडतोच. मग तिथं बूट घालून जायचं कसं? एलिया दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा माणूस. दुसऱ्याच्या देवाला कशाला दुखवा, म्हणून त्यानं बूट काढले. तो पहिला मेमो.

आता मोळी गव्हाणीत टाकून तो तडक सहादेवकडं गेला.

"नाना, तुमी गनपती धा दिवसांनी हलवता ना? मग ह्यालाबी हलवा."

सहादेवनं बराच विचार केला. "उत्तरपूजा करता येती. पन देव न्यायचा कुठं?"

एलियानं क्रेनखालच्या जागेकडं बोट दाखवलं. तिथं 'खाली थांबू नये' अशी पाटी होती. लोक तिला सायकली टेकवायचे.

"तिथं बसवा. बूट घालून तिथं कोन जाईल? आन् यार्डात बूट तर समद्यांच्याच पायात हायत."

सहादेवला पटलं. जेवणाच्या सुट्टीत उत्तरपूजा झाली आणि क्रेनखाली नवा नारळ फुटला. एलियानं बुटाच्या नाड्या आवळल्या, चौकोनात उभा राहिला, मोळी उचलली. क्रेनखाली चिटपाखरू नव्हतं. हंगामात पहिल्यांदाच.

तेवढ्यात झाडलोट करणारी बनुबाई आली. तिनं बूट काढून बाजूला नीट लावले, डोक्यावर पदर घेतला आणि बरोबर मोळीखाली जाऊन डोळे मिटले.

एलियानं झटक्यात रेघेबाहेर पाऊल टाकलं. क्रेन जागेवर थांबली.

"मावशे, निघ तिथनं!"

"वराडतो कशाला? नंबरानं येत्यात समदी."

आरडाओरडा ऐकून अश्विनी मॅडम धावत आल्या. क्रेनखाली रांग लागली होती. बाहेर एकवीस जोड बूट ओळीनं मांडलेले होते. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, मेमोचं पुस्तक उघडलं आणि एलियाच्या पायांकडं बघितलं.

"बूट घातलेले तुम्ही एकटेच," त्या म्हणाल्या, आणि पुस्तकात कोरे मेमो किती उरलेत ते मोजायला लागल्या.