रफूच्या डब्यातल्या पुड्या

“स्क्रू पुन्हा पडला,” बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून तो तासभर खटपट करत होता. “सासूबाई, घड्याळ तुमच्यावरच गेलंय. कोणाच्या हाती लागत नाही!”

“माझ्या डब्यातली बारीक सुई दे गं त्याला,” आतून आई मुलीला म्हणाली.

मुलीनं रफूचा डबा उघडला. रिळांखाली अकरा पुड्या होत्या. प्रत्येकीत करड्या मुळीची भुकटी. बाजारामागचा जडीबुटीवाला मन हलकं करायला देतो तीच.

आई नऊ वर्षं मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती. मुलीनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

“दोन्ही एकत्र?” डॉक्टरांचा आवाज बदलला. “घाम, हातांना कंप, उगाच घाबरं होणं, यातलं काही दिसलं तर लगेच घेऊन या. जिवावर बेतू शकतं. आणि भीतीपोटी गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.”

पुड्या मुठीत धरून मुलगी आत गेली. आई खिडकीशी बसून बाहीचं भोक बुजवत होती.

“आई, कधीपासून घेतेस हे? मरशील अशानं!”

“नऊ वर्षांपूर्वी मरतच होते. तीन दिवस दवाखान्यात होते ना, तो ताप नव्हता. दोन्ही घेत होते. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. झाडपाल्याची कसली भीती, म्हटलं.”

“तरी पुन्हा?”

“या माझ्या नाहीत. दर गुरुवारी मी त्या जडीबुटीवाल्याच्या रांगेत बसते. शेजारच्याला विचारते, डॉक्टरांचं काही चालू आहे का? असेल तर माझी गोष्ट सांगते. ज्याला पटतं तो पुडी माझ्या हातात ठेवतो आणि आधी डॉक्टरांना विचारायला जातो.”

मुलगी बघतच राहिली. या बाईला एकटीनं रस्ता ओलांडू द्यायलाही ती धजत नसे. आणि तिनं रांगेत बसल्या बसल्या अकरा परक्या माणसांना मागे ओढलं होतं, कोणाला पत्ता लागू न देता. आपण हिला कधी नीट पाहिलंच नाही, असं तिला वाटलं.

“सगळे ऐकतात तुझं?” तिनं हळूच विचारलं.

“एक सोडून. तो अजून दोन्ही घेतो. वर घरी सांगू नका म्हणून मला शपथ घातलीय त्यानं.”

“मग आता?”

“सांगणार नाही म्हटलं होतं. डबा उघडायला लावणार नाही, असं कुठे म्हटलं होतं?”

मुलीला हसू आलं. “कोण गं असा हट्टी?”

आईनं सुई बाजूला ठेवली.

“नाव घेणार नाही. पण आत्ताच्या आत्ता ने त्याला दवाखान्यात. तुझंच ऐकेल तो. बायको आहेस तू त्याची.”